पाच दात

चाळीस वर्षं मी या गावाचे दात वाचवले.
आता दर शनिवारी
हातोडी घेऊन पाण्याखाली जाते,
दात फोडायला.

पाच असतात एकेका सागरी साळूला,
गोल तोंडात टोकाला टोक लावून बसलेले.
झिजतात तेवढे पुन्हा वाढतात.
माझ्या एकाही पेशंटला
देवानं ही सोय दिली नाही.

त्यांनीच खाल्लं सगळं.
आमच्याकडे केल्पला तारे म्हणतात.
या फ्योर्डच्या तळाशी तारे होते,
माणसाहून उंच, दाट,
कॉडची पिल्लं त्यांच्या देठांत लपायची
आणि वडील वैतागायचे,
वल्हं ताऱ्यांत अडकलं की
अशा शिव्या हासडायचे
की त्यातली एक मी आईसमोर म्हणून दाखवली
आणि रात्रीचं जेवण गमावलं.

मग एका उन्हाळ्यात वल्हं अडकेनासं झालं.
वडील म्हणाले, सुटलो.

आम्ही पाच-सहा जण. कधी चारच.
सुन्निवा, सतरा वर्षांची,
तळावर दोर ताणून चौकोन आखते.
ओड्वार बोट सांभाळतो, पाण्यात उतरत नाही:
जन्मभर याच्या डोक्यावर राहिलो,
पोटात काय आहे ते मला बघायचं नाही.
हाब्तोम गावची बस चालवतो.
पोहायला शिकला चौतिसाव्या वर्षी, इथल्या तलावात, लहान मुलांबरोबर.
त्याआधी एकदाच समुद्र ओलांडला होता.
त्याबद्दल कुणी विचारत नाही.
सगळ्यांत उशिरा वर येतो तो.

जानेवारी. सूर्य अजून डोंगरामागेच.
चार अंशाचं पाणी ओठांना चावतं.
टॉर्चच्या उजेडात नुसता उघडा खडक,
आणि त्यावर काटेच काटे,
जिथवर उजेड पोचतो तिथवर.

पहिल्या दिवशी मी एकाला उलटा केला.
सवय. आधी तोंड बघायचं.
मग हातोडी.
केशरी गाभोळी असायला हवी होती तिथे
पाणी होतं.
दुसऱ्यातही पाणी. तिसऱ्यातही.
ओड्वार म्हणाला, असेच बसतात,
वर्षानुवर्षं, उपाशी,
खडक खरवडत. मरत मात्र नाहीत.

त्या रात्री मला झोप लागली नाही.
भूल दिल्याशिवाय
मी कधी कुणाला हात लावला नव्हता.

तरी पुढच्या शनिवारी गेले.
ठक्. पाण्यात आवाज दाताला जाणवतो, कानाला नाही.
सुन्निवाच्या पाटीवर रेघा:
नऊशे, अकराशे, एकदा सोळाशे चाळीस.
हाब्तोम मोजत नाही.
प्रत्येक वेळी हात जरासा थांबतो त्याचा,
मग खाली येतो.

मे महिन्यात, पहिल्या चौकोनात,
सुन्निवानं माझी बाही ओढली.
खडकाच्या भेगेत
नखाएवढं, तपकिरी, कडेला काचेसारखं काहीतरी,
दुधाचा दात हिरडीतून डोकवावा तसं.
मी बोट लावून पाहिलं, हलतोय का.
नाही हलला.

दोराच्या पलीकडे ते जमले होते.
वेटिंग रूममध्ये बसतात तसे,
एकमेकांकडे न बघता,
आपला नंबर कधी येतो याची वाट पाहत.
हवा संपत आली होती. आम्ही वर आलो.

परतताना इंजिन रुसलं,
म्हणून मी वल्हं घेतलं.
सपकन आत जातं, सपकन बाहेर येतं,
कशातच अडकत नाही अजून.
हाब्तोम विचारतो, पुटपुटतेस काय?

काही नाही.
वडिलांची एक शिवी आहे,
विसरू नये म्हणून घोकतेय.